न वाजलेली डबल बेल

५ मे, सोमवार

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी लिहायची खोड जात नाही. बसस्थानकावर होतो तेव्हा प्रत्येक गाडीची वेळ नोंदवहीत लिहायचो, आता दिवस लिहितो. ज्या दिवशी काही घडत नाही त्या दिवशी लिहीत नाही. रिकामी फेरी कशाला मारायची.

आज घडलं. नात महामाया सकाळी ८.४० ला नांदेडहून आली. तेरा वर्षांची आहे, शाळा उघडेपर्यंत राहणार. तिचा बाप आनंदराज तिला सोडून दुपारच्या गाडीनं परत गेला.

चहा संपायच्या आत पोरीनं जाहीर केलं की या सुट्टीत देवणीत पॉडकास्ट करायचा. मला ऐकू आलं फाटक. मी विचारलं, कोणतं फाटक, उदगीरच्या रेल्वेचं का? सगळे हसले. आजकालची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला मी काय करू. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. रेडिओसारखंच असतं, पण घरी करायचं. गोष्ट फोनवर रेकॉर्ड करायची, मग ती कुणीही, कुठंही, कधीही ऐकू शकतं.

मी ताठ बसलो. माईक हा आपला प्रांत आहे. बारा वर्षं कंडक्टर आणि एकोणीस वर्षं वाहतूक नियंत्रक. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे मी देवणी, उदगीर, निलंगा अशा तीन स्थानकांवर म्हणलेलं आहे. पोरीला म्हणालो, तुला माणूस शोधायची गरज नाही, तो समोर बसलाय. ती एकदम खूश झाली. नागुबाई, म्हणजे आमच्या मंडळी, आतून काहीतरी म्हणाल्या. काय ते कळलं नाही, पण कौतुकाचं असावं.

७ मे, बुधवार

जागेचा प्रश्न सुटला, आणि कसा सुटला ते लिहायलाच पाहिजे.

आमच्या घरात कूलर, समोर रस्ता. शाळेच्या हॉलमध्ये एक शब्द बोलला की तीन परत येतात. महामाया हिरमुसली होती. तेवढ्यात तिची इथली मैत्रीण लुबना म्हणाली की अब्बांच्या कापसाच्या खोलीत बघा. लुबना म्हणजे स्थानकामागच्या जिलानीभाईंची मुलगी, वय अकरा. जिलानीभाईंचा गादी कारखाना तीन पिढ्यांचा. मागच्या खोलीत पिंजलेला कापूस आढ्यापर्यंत, वर गाद्या, रजया, उशा. मी आत जाऊन टाळी वाजवली. टाळी तिथंच मेली. लातूरच्या रेडिओवाल्यांकडंसुद्धा अशी खोली नसेल.

जिलानीभाई म्हणाले, दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, घ्या करून. त्यांचा पुतण्या साद पण सामील झाला. त्याचा आवाज असा की जाहिरातीच्या रिक्षाची गरज नाही.

गोष्ट लुबनानं लिहिली आहे, वहीत, दोन्ही बाजूंनी. नाव 'वासराचं हाफ तिकीट'. देवणी जातीचं एक वासरू, पांढऱ्यावर काळे ठिपके. त्याच्या आईला लातूरच्या जनावरांच्या प्रदर्शनाला टेम्पोतून नेतात, आणि हे पठ्ठं तिला आणायला एकटंच एसटीत चढतं. कंडक्टर विचारतो, फुल का हाफ? मी तिथंच हरकत घेतली. मोठं जनावर एसटीत नेता येत नाही, तिकीट फाडलं तर कंडक्टरवर केस होते. मग लुबना हळूच काहीतरी म्हणाली. महामायानं मला परत सांगितलं, 'ती म्हणते, तो कंडक्टर पण तुमच्यासारखाच म्हणला होता, पण मग त्यानं वासराचे डोळे बघितले.' मी हरकत मागं घेतली.

घरी येताना महामायानं एक गोष्ट कानावर घातली. शाळेच्या स्नेहसंमेलनात लुबना कविता म्हणायला उभी राहिली होती. आवाज बारीक. मागून लोक ओरडले, ऐकू येत नाही, ऐकू येत नाही. सरांनी तिला खाली बसवलं. तेव्हापासून ती वर्गात तोंड उघडत नाही. इथं फोन तोंडाजवळ असतो, ओरडावं लागत नाही, म्हणून ती स्वतः गोष्ट सांगायला तयार झाली आहे. तिची एकच अट आहे की इथं मागून कोणी ओरडता कामा नये.

मी शब्द दिला. माझ्या स्थानकात प्रवाशावर कोणी ओरडत नाही.

९ मे, शुक्रवार

पहिलं रेकॉर्डिंग. दुपारी २.१० ला सुरू. आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडकीला रजई. बाहेर बेचाळीस, आत किती ते देवाला ठाऊक. साद शर्ट काढून बसला. एवढा घाम मी निलंग्याच्या जत्रेच्या ड्यूटीतही गाळला नव्हता, आणि एवढी मजाही आली नव्हती.

सुरुवात कशी करायची ते मी सुचवलं. निवृत्त झालो तेव्हा आगारातल्या पोरांनी मला जुन्या गाडीची घंटी लाकडी पाटीवर बसवून भेट दिली होती. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही, तर गोष्ट कशी हलेल? पोरांनी उड्या मारल्या. घंटी मात्र म्हातारी झाली आहे, पूर्वीसारखी खणखणत नाही. ठक्क एवढंच होतं.

महामाया फोन धरून, लुबना वही घेऊन, मी दाराशी उशांवर. लुबनानं सुरू केलं. ओठ हलले, माझ्यापर्यंत काही पोचलं नाही. मी म्हणालो, बेटा, आवाज. तिनं परत केलं. मी म्हणालो, अजून. असं सात वेळा झालं. शेवटी ती जवळजवळ किंचाळली, तेव्हा मी मान हलवली. मग महामाया म्हणाली, आबा, तुम्ही दमलात, स्थानकावर जाऊन चहा पिऊन या. मोठी गुणाची पोरगी. परत आलो तर तिघं चिडीचूप बसलेली, कपाळावर घाम आणि तोंडावर हसू.

रेकॉर्डिंग ऐकलं. लुबनाचा शेवटचा आवाज ठीक होता, पण घंटीच नव्हती. मी विचारलं, घंटी का काढली? साद म्हणाला, 'काका, घंटी हाय की.' महामायानं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, राहिली असेल, परत घेऊ.

१२ मे, सोमवार

आज बुद्ध पौर्णिमा, रेकॉर्डिंगला सुट्टी. सकाळी विहारात वंदना, मग खीर. लुबनाच्या घरी डबा पाठवला.

कुकरची शिट्टी बिघडली आहे. पाच-सहा दिवस वाजत नाही, तरी भात शिजतोय. नागुबाईंना म्हणालो की रबर बदलून आणतो. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आणा. अंगणातल्या लिंबावर चिमण्या पण राहिल्या नाहीत. उन्हानं गेल्या असतील.

१५ मे, गुरुवार

महामायानं हेडफोन दिला, म्हणाली, आबा, याच्यातून नीट कळेल. उजवी बाजू मेलेली निघाली. मोबाईलच्या दुकानात बदलायला गेलो. पोरानं स्वतःच्या कानाला लावला आणि म्हणतो दोन्ही चालू आहेत. मी पुन्हा लावला, उजवी बंद. त्यानं पुन्हा लावला, चालू. भर बाजारात वाद झाला. शेवटी त्यानं दुसरा दिला. त्याचीही उजवी बाजू बंद. सगळा लॉटच खराब आला असणार.

१९ मे, सोमवार

आजच्यासारखा दिवस वर्षात एखादाच येतो. आज गाडी तयार केली, आवाजांची.

दार म्हणजे जिलानीभाईंच्या पत्र्याच्या पेटीचं झाकण. इंजिन म्हणजे सादचा घसा, त्याला गिअरसुद्धा टाकता येतो. तिकीट म्हणजे माझा जुना पंच, टिक टिक. खड्ड्यांचं काय करायचं अडलं होतं, तेव्हा जिलानीभाईंनी माळ्यावरून त्यांच्या वालिदांची कापूस पिंजायची धनुकली काढली. चाळीस वर्षांनी तिची तार छेडली. टंग टंग टंग. साद ओरडला, हा तर शिरूर अनंतपाळचा रस्ता. जिलानीभाई हसता हसता डोळे पुसायला लागले. म्हणाले, अब्बा सकाळी पाचला ही वाजवायचे, आम्ही त्या आवाजावर उठायचो. मग त्यांनी स्वतःच सगळे खड्डे वाजवले. दुकान उघडायची वेळ झाली तरी उठेनात.

टंग टंग मला स्वच्छ ऐकू आलं. इंजिन पण. फक्त पंच वाजला नाही म्हणून मी चार वेळा परत करायला लावला.

मला परत चहाला पाठवलं. रोज पाठवतात. माणुसकी आहे पोरांत.

२३ मे, शुक्रवार

आज एक कठोर निर्णय घ्यावा लागला.

३१ तारखेला शनिवारी जिलानीभाईंच्या दुकानात गल्लीतल्या लोकांना बोलावून गोष्ट ऐकवायची ठरली आहे. त्यानंतर ती सगळ्या जगासाठी टाकायची. आणि आज शेवटच्या प्रसंगाला लुबनाचा आवाज पुन्हा गेला. वासरू लातूरच्या प्रदर्शनात आईला शोधून काढतं आणि तिच्या कानाशी जाऊन काहीतरी म्हणतं. काय म्हणतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. अकरा वेळा घेतलं. मी म्हणालो, आवाज. ती म्हणाली (महामायानं सांगितलं), 'ते कानातच सांगायचं असतंय.' मी म्हणालो, कानात सांग, पण शेवटच्या बाकावरच्या प्रवाशाला कळलं पाहिजे. माझा आवाज थोडा चढला असेल. ऐकू येत नाही, ऐकू येत नाही असं मी दोन-तीनदा म्हणालो, पण ते तांत्रिक होतं.

मग मी ठरवलं की गोष्ट साद सांगेल, लुबना घंटी वाजवेल. वेळापत्रकापुढं दयामाया चालत नाही. लुबनानं वही सादला दिली, पानाला दुमड घालून. महामाया माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

पोरीचं वाईट वाटलं. पण गाडी वेळेवर सुटायला पाहिजे.

२७ मे, मंगळवार

सादनं चार दिवसांत सगळी गोष्ट सांगून टाकली. एक-एक शब्द कळतो. वासराचं कानातलं वाक्य पण कळलं: 'आई, चल, गाडी लागली हाय.' साद ते असं ओरडला की बाहेर चाललेला रिक्षावाला थांबला. मी पाठ थोपटली.

जिलानीभाई चहा देताना म्हणाले, 'साहेबरावभाऊ, लुबना घरात बोलूनच न्हाई राहिली. उशीत तोंड घालून वाचून राहिली.' मी म्हणालो, वाचू द्या, वाचनानं आवाज सुधारतो. ते कप उचलून आत गेले. मोठा समजूतदार माणूस.

१ जून, रविवार

काल काय झालं ते लिहितो. नोंदवहीत खाडाखोड करायची नसते.

दुकानात तीस-पस्तीस माणसं गाद्यांवर बसली होती. मी इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या खुर्चीवर. महामायानं फोन छोट्या स्पीकरला जोडला आणि बटण दाबलं. मी वाट बघितली. काहीच नाही. अर्धं मिनिट, एक मिनिट. मागं बघितलं तर सगळे माना खाली घालून बसलेले. मला वाटलं यंत्र बिघडलं आणि पोरांच्या लाजेखातर लोक गप्प आहेत. पोरांची अब्रू वाचवायची ती मीच. एकोणीस वर्षांची सवय आहे. उठलो, हात जोडले आणि म्हणालो:

'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. देवणी ते लातूर ही गोष्ट काही तांत्रिक कारणामुळे थोड्या उशिराने सुटेल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

कोणी हसलं नाही. महामायाचं बोट फोनवर थांबलं. नागुबाईंनी माझी बाही ओढली आणि माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाल्या, 'गाडी कवाच सुटलीय हो. बसा खाली.'

गोष्ट चालू होती. डबल बेल होऊन गेली होती. वासरू घरातून निघालं होतं. आणि सांगत होती लुबना, हेही नागुबाईंनीच सांगितलं. पोरांनी माझं न ऐकता तिचाच आवाज ठेवला होता.

मला कळलं ते एवढंच की हुकूम मोडला. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, 'हिला मी काढलं होतं. हिचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही.'

तेव्हा मागून सिद्रामप्पा पानवाले म्हणाले, आम्हाला येऊन राहिला की. लुबना उठून आत कापसाच्या खोलीत गेली. मी घरी आलो.

४ जून, बुधवार

तीन दिवस बाहेर पडलो नाही. टीव्ही बघितला. आज नागुबाईंनी टीव्ही बंद केला, हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि कुकरसमोर उभं केलं. आम्ही दोघं कुकरकडं बघत उभे. थोड्या वेळानं शिट्टी वर उडाली. वाफ दिसली. आवाज झाला नाही. पण नागुबाई दचकल्या, आणि दारातलं मांजर पळून गेलं.

मग त्या समोर येऊन बोलल्या. 'चार वर्षं मी तुमच्या म्होरं येऊन बोलून राहिले. मागून हाक मारायची सोडून दिली. तुम्हाला वाटतंय मी मान देऊन राहिले.'

मला खरंच तसं वाटत होतं. नवीन रबर अजून खिशातच आहे.

मी विचारलं, आणि चिमण्या? त्यांनी खिडकीकडं बोट केलं. लिंबावर दहा-बारा होत्या. सगळ्यांच्या चोची उघड-मिट होत होत्या.

भीती वाटली. लिहितो, कारण दुसरं कोणाला सांगवत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना 'लक्ष द्या' म्हणलं त्याचंच लक्ष नव्हतं.

६ जून, शुक्रवार

सकाळी ७.०५ च्या गाडीनं लातूर. कानाचे डॉक्टर. एका पेटीसारख्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. कितीतरी वेळ मी नुसतंच बटण धरून बसलो.

डॉक्टरांनी कागद दाखवला. रेघ सुरुवातीला सपाट आणि मग घाट उतरावा तशी खाली. उजव्या कानाची जास्त. म्हणाले, वर्षानुवर्षं इंजिन आणि हॉर्नमध्ये काढली की होतं, शिवाय वय. जाड आवाज येतील, बारीक येणार नाहीत. घंटी, शिट्टी, पाखरं.

मी विचारलं, आणि हळू बोलणारी अकरा वर्षांची पोरगी?

ते म्हणाले, सगळ्यात आधी तोच आवाज जातो.

परतीच्या गाडीत कंडक्टरचा हात दोरीकडं जाताना बघत होतो. दोनदा ओढली. गाडी निघाली.

७ जून, शनिवार

बकरी ईद. दुपारी जिलानीभाईंकडं गेलो. ईद मुबारक म्हणून मिठी मारली आणि लगेच म्हणालो, मला लुबनाला भेटायचंय. ते म्हणाले, खोलीतच हाय.

नवीन कपड्यात कापसावर बसली होती. मी दाराशी उभा राहिलो, बसलो नाही. काय बोलायचं ते गाडीत चार वेळा पाठ केलं होतं, तरी वेगळंच बोललो. 'बेटा, तुझा आवाज बरोबर होता. माझे कान गेलेत. मागून कोणी ओरडणार नाही म्हणून मी शब्द दिला होता, आणि मीच ओरडलो.'

ती काहीतरी म्हणाली. मी कानावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा ठेवला. ती उठून अगदी समोर आली.

'काका, आम्हाला म्हाईत होतं.'

कधीपासून, मी विचारलं.

'महामायाला फाटकापासून. मला पहिल्या दिवसापासून.'

मग महामायाला बोलावलं. तिनं फोनमध्ये दोन कप्पे दाखवले. एकाचं नाव 'आबांसाठी', दुसऱ्याचं 'सगळ्यांसाठी'. माझ्यासमोर जोरात करायचं ते पहिल्यात. मी चहाला गेलो की तीच गोष्ट जशी हवी तशी, ती दुसऱ्यात. तीन आठवडे पोरांनी प्रत्येक गोष्ट दोनदा केली, त्या उन्हात, पंखा बंद करून.

मी म्हणालो, मग टाका ना जगासाठी, थांबलात कशाला? लुबनानं मान हलवली. तुम्ही ऐकल्याशिवाय टाकायची न्हाई, म्हणाली. महामाया १५ ला जाणार. डॉक्टरांनी कानाचं मशीन १२ ला देतो म्हणून सांगितलंय. तीन दिवस इकडंतिकडं झाले तर गोष्ट राहते. घरी येऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात दोनदा फोन केला, दोन्ही वेळा नागुबाईंना ऐकायला लावला.

१२ जून, गुरुवार

मिळालं. दोन्ही कानांत बोरांएवढी यंत्रं.

काय लिहू आणि काय नको. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना कोणीतरी मागं मागं येतंय असं वाटलं, तर ती माझीच चप्पल. लातूरच्या स्थानकावर एवढा कालवा की पळून जावंसं वाटलं, आणि तरी तासभर बसलो. नागुबाईंच्या बांगड्या वाजतात. या वहीचं पान उलटताना आवाज होतो. घरी आलो तर लिंबाखाली उभं राहवेना, इतक्या चिमण्या. कुठं गेल्या नव्हत्या. मीच लांब गेलो होतो.

सव्वाचारला पोरं आली. कापसाच्या खोलीतच ऐकायचं ठरलं. महामायानं 'सगळ्यांसाठी' उघडला.

टण. टण.

म्हातारी झाली म्हणून जिला नावं ठेवली ती घंटी अशी खणखणीत वाजली की मी खोलीत बघितलं कोणी वाजवली ते. मग लुबना. मला वाटलं होतं तिचा आवाज पडेल असेल. तसा नाही. ती गोष्ट सांगत नाही, बाजूला बसून तुमच्याजवळ बोलते. वासरू कंडक्टरकडं बघतं तिथं ती थांबते, आणि त्या थांबण्यात पंच वाजतो, टिक. मी चार वेळा परत करायला लावलेली टिक.

शेवटी वासरू आईच्या कानाशी येतं. 'आई, चल, गाडी लागली हाय.' एवढं हळू की श्वासच जास्त. आणि सगळं कळतं. हे मी तिला ओरडून म्हणायला लावत होतो. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

गोष्ट संपली तरी फोन चालूच राहिला होता. महामाया बंद करायला विसरली असणार त्या दिवशी. पोरांचं बोलणं आलं. साद म्हणतो, काका येतील आता, सांगून टाकू का त्यांना? महामाया म्हणते, आबांना लई लागंल. मग लुबना.

'नको सांगू. मागून कोणी ऐकू येत न्हाई म्हणलं की कसं होतं, मला म्हाईत हाय.'

महामायानं झटकन बंद केलं, पण मी ऐकलं होतं. कोणाकडं बघवेना. जिलानीभाईंनी पंखा लावला. पंख्याला एवढा आवाज असतो हेही आजच कळलं.

१४ जून, शनिवार

टाकली. दुपारी ३.३० ला 'वासराचं हाफ तिकीट' जगात निघाली. त्याआधी पोरांनी एक अट घातली, सुरुवातीची घोषणा कंट्रोलर काकांची पाहिजे. मी छाती भरून घेतली आणि सुरू केलं, तर साद कानांवर हात ठेवून म्हणतो, 'काका, हळू. फोन हितंच हाय.' तीन वेळा घेतलं. शेवटचं जमलं. लुबना उशांवर दाराशी बसली होती, माझ्या जागेवर. तिनं मान हलवली तेव्हाच महामायानं पुढं जाऊ दिलं.

संध्याकाळपर्यंत त्रेपन्न जणांनी ऐकली. भोकरहून महामायाच्या मावशीनं फोन केला की तिच्या घरी पोरं चौथ्यांदा ऐकून राहिलीत आणि पाचव्यांदा वासरू लातूरला पोचेल का नाही याची काळजी करून राहिलीत. आनंदराज रात्रीच्या जेवणाला पोचला. जेवताना त्यानं मला काहीतरी मोठ्यानं सांगितलं. मी म्हणालो, ओरडू नको, मी इथंच आहे.

१५ जून, रविवार

महामाया गेली. सकाळी ७.१५ ची गाडी, ७.२२ ला सुटली. सात मिनिटं उशीर, मी नियंत्रकाला जाऊन सांगितलं नाही, मोठेपणा केला. पोरीनं जाताना दोन कप्प्यांपैकी 'आबांसाठी' माझ्या फोनमध्ये टाकून दिला. म्हणाली, तो तुमचाच आहे.

फलाटावर लुबना आणि मी राहिलो. खिडकीतून महामायाचा हात हलत होता. इंजिन सुरू, बाजूला उदगीरची गाडी हॉर्न देतेय, भजीवाला ओरडतोय, पोरं रडतायत. मला त्या कालव्यातलं काहीच वेगळं काढता येत नव्हतं. सवय होईल म्हणतात.

लुबना गाडीकडं बघत होती. माझ्याकडं तोंड न वळवता, नेहमीच्या तिच्या आवाजात म्हणाली, 'काका, डबल बेल झाली.'

'ऐकली,' मी म्हणालो.

घंटी ऐकली नव्हती. तिला ऐकलं होतं.